नवं घर मिळेपर्यंत थांबू का?

प्रश्न : मी ठाण्यात चरईला राहते. वय ५७. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीसेक वर्षं तांत्रिक विभागात होते, आता निवृत्त आहे. सोल्डरिंगचा हात अजून चांगला आहे. शास्त्रीय गाणं आणि नाट्यसंगीत ऐकते, पण सध्या मोबाईलवरच. स्वतःच्या हातानं स्पीकरची जोडी आणि ॲम्प्लिफायर बनवायचं मनात आहे. वीस हजार रुपये बाजूला काढलेत. पण आमची इमारत पुनर्विकासाला चालली आहे. वर्षभरात घर रिकामं करायचं, मग तीन वर्षं भाड्याच्या घरात, मग नवा फ्लॅट. खोलीच बदलणार असेल तर आत्ता बनवण्यात अर्थ आहे का? मुलगा म्हणतो, ‘आई, कशाला व्याप करतेस, साउंडबार आणून देतो.’ मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुट्या भागांच्या चौकशीला गेले, तर काउंटरवरच्या मुलानं विचारलं, ‘मुलाच्या प्रोजेक्टसाठी का?’ तेव्हापासून वाटतंय, या वयात हे करावं का? आणि कान तरी आता तेवढे चांगले राहिलेत का?

– एक वाचक, चरई, ठाणे

उत्तर : ताई, थांबू नका. आत्ताच सुरुवात करा.

पुनर्विकासातली तीन वर्षं तीनच राहतील याची खात्री कुणी देऊ शकत नाही. चरई-नौपाड्यात राहणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आणि भाड्याच्या घरात, जिथे भिंतीला खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावं लागतं, तिथे संध्याकाळी आपलं गाणं आपल्या स्पीकरवर लागणं किती मोलाचं असतं, ते तिथे गेल्यावरच कळेल. चार वर्षं मोबाईलच्या स्पीकरवर नाट्यसंगीत ऐकणं ही फार मोठी किंमत आहे. ती मोजू नका.

खोली बदलली की आवाज बदलतो, ही तुमची शंका मात्र खरी आहे. म्हणून कामाचे दोन भाग करा. स्पीकरचा बॉक्स, त्यातले ड्रायव्हर (म्हणजे आवाज काढणारे गोल भाग), क्रॉसओव्हर (खालचे आणि वरचे सूर वेगळे करून ज्याचे त्याला देणारं सर्किट) आणि ॲम्प हे सगळं टेम्पोत घालून नेता येतं, त्यावर आत्ता खर्च करा. सबवूफर, भिंतीवरचे पॅनेल, भिंतीत पक्के बसवायचे स्पीकर या गोष्टी खोलीच्या असतात. त्यांना नव्या घराची चावी हातात येईपर्यंत हात लावू नका.

खोली काय करते ते आधी सांगते, कारण पुढचे निर्णय त्यावर ठरतात. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये एक ठराविक खालचा सूर घुमतो. तो काढायला ५६५ या आकड्याला भिंतींमधल्या अंतरानं, फुटांत, भागायचं. तुमचा हॉल दहा बाय चौदा असेल, तर एका दिशेला साधारण ५६ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५६ कंपनं, आणि दुसऱ्या दिशेला ४०. त्यांच्या पटी, म्हणजे ११२ आणि ८०, तिथेही थोडं घुमतं. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची एकमेकींच्या जितकी जवळ, तितके हे सूर एकावर एक बसतात आणि ढोल बडवल्यासारखा बेस होतो. नव्या टॉवरमधली दहा बाय दहाची बेडरूम आणि साडेनऊ फुटांवरचं छत हा त्यातला सगळ्यात वाईट मेळ. त्यामुळे नव्या घरातही गाणं हॉलमध्येच ऐका, बेडरूममध्ये नको.

जुन्या घराचा एक फायदा तुमच्या लक्षात आला नसेल. कापसाच्या गाद्या, उघडी कपाटं, पुस्तकं, गोधड्यांचा ढीग हे सगळं आवाज शोषून घेतं. नव्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत टाइल्स, मोठ्या सरकत्या काचा आणि रिकाम्या भिंती असतील. तिथे पहिल्या दिवशी मध्यभागी उभ्या राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून ‘टर्रर्र’ असा पत्र्यासारखा आवाज आला, तर आधी जाड पडदा आणि जाड गालिचा आणायचा, स्पीकरला दोष द्यायचा नाही. पातळ फोमच्या चौकटी भिंतीला चिकटवून बेस सुधारेल असं कुणी सांगितलं तर पैसे देऊ नका. १०० हर्ट्झच्या लहरीचा पाव हिस्साच ८५ सेंटिमीटरच्या आसपास असतो. एक इंची फोम तिच्या वाटेत काहीच करत नाही, तो फक्त वरचे सूर खातो आणि गायिकेचा आवाज मंद करतो.

आता स्पीकर. इथे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण वीस हजारांतला निम्मा पैसा इथेच, ड्रायव्हर आणि क्रॉसओव्हरमध्ये, गेला पाहिजे. ॲम्पवर आधी पैसे घालवून स्पीकर उरलेल्या पैशांत आणणं ही या छंदातली सगळ्यात सर्रास दिसणारी उलटी चाल आहे. आजच्या साध्या ॲम्पमधला दोष कान लावून शोधावा लागतो, स्पीकरमधला दोष मात्र शेजारच्या खोलीतूनही ऐकू येतो.

तुमच्या गाण्याला काय लागतं ते पाहू. पुरुष गायकाचा काळी एकचा (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) षड्ज, म्हणजे सा, १३८ हर्ट्झच्या आसपास येतो. त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ वर. मोबाईलमधून ती तार मूळ सुरात येतच नाही. आपला मेंदू वरच्या स्वरांशांवरून तिची कल्पना करून घेतो, म्हणून गाणं ‘कळतं’, पण खोली भरत नाही. तेव्हा ६९ हर्ट्झ नीट ऐकवणारा आणि जवारीतले, म्हणजे तानपुऱ्याच्या झंकारातले, वरचे स्वरांश स्वच्छ उलगडणारा स्पीकर हवा. चार इंची एकाच ड्रायव्हरचा स्पीकर बनवायला सोपा असतो, गळाही सुरेख दाखवतो, पण बहुतेक वेळा खर्ज सोडून देतो. तुमच्यासाठी मी खालच्या सुरांसाठी साडेसहा इंची वूफर आणि वरच्या सुरांसाठी वेगळा ट्विटर अशी टू-वे जोडी सुचवेन, आणि बॉक्स बंद प्रकारचा.

ड्रायव्हर घेताना पूर्ण डेटाशीट देणाऱ्या कंपनीचाच घ्या. त्यात एफएस (ड्रायव्हर स्वतः ज्या सुरावर घुमतो तो), क्यूटीएस (ते घुमणं किती आवरलेलं आहे) आणि व्हीएएस (त्याच्याइतकीच लवचीक हवा किती लिटर) हे तीन आकडे असलेच पाहिजेत. या आकड्यांवरून बॉक्स काढण्याची पद्धत नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात मांडली, आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात ती पुढे नेली. त्याआधी बॉक्सचं माप बरंचसं अंदाजानं ठरायचं, आज तुम्ही ते वहीच्या पानावर काढू शकता. समजा, वूफरचा एफएस ४५ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४० आणि व्हीएएस २० लिटर आहे. बंद बॉक्समध्ये आपल्याला एकूण क्यू, म्हणजे बॉक्ससकट घुमण्याचा आकडा, ०.७०७ हवा. ०.७०७ ला ०.४० नं भागा, येतील १.७७. त्याचा वर्ग ३.१२. त्यातून एक वजा केला की उरतात २.१२. वीस लिटरला २.१२ नं भागलं की साधारण साडेनऊ लिटर. हा तुमचा बॉक्स. आणि ४५ ला १.७७ नं गुणलं की ८० हर्ट्झ, तिथे आवाज ३ डीबीनं (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) खाली आलेला असेल. खर्जाच्या ६९ वर तो साडेचार डीबीच्या आसपास खाली असेल, आणि खोलीच्या भिंती त्यातलं थोडं भरून काढतील. म्हणजे तार ऐकू येणार, मूळ सुरासकट.

पुढे भोक असलेला, म्हणजे पोर्टेड बॉक्स याहून खाली जातो, हे खरं. पण तो ज्या सुरावर बांधलाय तोच सूर खोलीतही घुमत असला तर बेस आवरत नाही, आणि तुमच्या पुढ्यात एक सोडून तीन खोल्या आहेत, त्यातल्या दोन तुम्ही अजून पाहिलेल्याही नाहीत. बंद बॉक्सचा आवाज खाली हळूहळू उतरतो, म्हणून तो अनोळखी खोलीतही निभावून नेतो. तुमच्या परिस्थितीत बंद बॉक्सच घ्यायचं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

साडेनऊ लिटरसाठी आतलं माप १८ बाय ३० बाय साडेसतरा सेंटिमीटर चालेल. ड्रायव्हरचं चुंबक आणि क्रॉसओव्हर जागा अडवतात, म्हणून बॉक्सचं पुढून मागचं माप सेंटिमीटरभर वाढवा. लाकूड १८ मिलिमीटरचं. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) कापायला सुबक असतं, पण ठाण्याच्या पावसात त्याच्या कडा फुगतात, आणि तुमच्या नशिबी सामान हलवणं दोनदा आहे. आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय घ्या. जोडीला आठ बाय चारचा अर्धा शीट पुरतो. प्लायवाल्याकडेच यंत्रावर काटकोनात कापून घ्या. ड्रायव्हरची गोल भोकं घरी पाडू नका. वागळे इस्टेटमध्ये सीएनसी राउटरवर पाडून देणारं कुणी विचारून शोधा, किंवा चांगल्या सुताराला ड्रायव्हरच हातात द्या आणि मापाचा कागद बॉक्सवर चिकटवून द्या. आतले सगळे सांधे फेव्हिकॉलनं भरून घ्या. वूफर बसवल्यावर त्याचा कोन, म्हणजे पुढचा शंकूसारखा पडदा, दोन्ही बाजूंनी बोटांनी अगदी हलके आत दाबून सोडायचा. तो सावकाश परत आला तर बॉक्स हवाबंद आहे, झटकन आला तर कुठेतरी फट आहे.

क्रॉसओव्हरबद्दल मी हट्टी आहे. बाजारात ‘टू-वे, ३००० हर्ट्झ’ असं छापलेले तयार बोर्ड स्वस्तात मिळतात. ते ड्रायव्हर कायम आठ ओहमच राहतो असं धरून चालतात, आणि खरा ड्रायव्हर प्रत्येक सुराला वेगळा ओहम दाखवतो. असा बोर्ड लावला की गायिकेचा गळा जिथे असतो नेमक्या त्या भागात खड्डा किंवा उंचवटा येतो. त्यापेक्षा मोजमाप करून प्रसिद्ध झालेली डिझाइन घ्या, जिच्यात वूफर, ट्विटर, बॉक्स आणि क्रॉसओव्हरचा नकाशा चारही दिलेले असतात, आणि पहिल्या जोडीत त्यातला एकही भाग बदलू नका. मग वरचं गणित करायचंच कशाला, असं वाटेल. डिझाइन नीट आहे की नाही ते ओळखता यावं म्हणून. दोन कॉइल एकमेकींपासून लांब आणि काटकोनात बसवायच्या, एवढं पाळा. बाकी टेलिफोनच्या तारा जोडायच्या टॅग ब्लॉकवर आयुष्य काढलेल्या हाताला क्रॉसओव्हर जोडायला शिकवण्यासारखं काही नाही.

ॲम्प दोन टप्प्यांत करा. पहिल्या टप्प्यात टीपीए ३११६ चिपचा तयार बोर्ड आणि लॅपटॉपचा १९ व्होल्टचा, दुहेरी आवरणाचा अडॅप्टर. आठ ओहमच्या स्पीकरला यातून चॅनेलमागे वीसेक वॉट मिळतात. कमी वाटतात का? ८७ डीबी संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॉटला एक मीटरवर ८७ डीबी देतो. घरी आपण सरासरी ७० ते ७५ वर ऐकतो. म्हणजे बहुतेक वेळ तुम्ही एक वॉटही वापरत नसाल, उरलेले वॉट तबल्याच्या थापेसाठी. रात्री दहानंतर निवासी भागाची मर्यादा ४५ डीबी आहे, तेव्हा वॉट वाढवण्यापेक्षा वेळ सांभाळा, आणि स्पीकर जमिनीवर न ठेवता रबराच्या पट्ट्यांवर, स्टँडवर ठेवा, म्हणजे खालच्या घरात धडधड उतरणार नाही.

तयार बोर्ड लावा म्हणताना तुमच्या कौशल्याला कमी लेखत नाहीये. जुन्या इमारतींत तीन पिनांच्या सॉकेटला खरं अर्थिंग असेलच असं नाही, आणि दुहेरी आवरणाच्या अडॅप्टरला त्याची गरज नसते. शिवाय स्पीकर तपासायला हाताशी एक भरवशाचा ॲम्प हवा. स्पीकर पूर्ण होऊन त्यावर गाणं लागलं की दुसरा टप्पा, एलएम ३८८६ चिपचा स्वतः जोडलेला ॲम्प. ही चिप मोठ्या पायांची असते, भिंगाशिवायही नीट जोडता येते. १८-०-१८ चा ट्रान्सफॉर्मर लावला की दोन्ही बाजूंना चोवीस-पंचवीस व्होल्ट मिळतात. नावाच्या शेवटी नुसता ‘टी’ असेल तर चिपची पाठ ऋण पुरवठ्याला जोडलेली असते, हीटसिंकवर, म्हणजे उष्णता घालवणाऱ्या धातूच्या तुकड्यावर, बसवताना मध्ये अभ्रकाचा तुकडा हवाच. ‘टीएफ’ असेल तर पाठ प्लास्टिकची असते.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. एक्स्चेंजमध्ये तुमचा हात ४८ व्होल्टच्या बॅटरीवर तयार झाला. इथे २३० आहे, आणि त्या सवयीनं हात इथे जाऊ देऊ नका. फ्यूज, धातूची पेटी, पेटीला पक्कं अर्थिंग, आणि पहिल्यांदा चालू करताना ओळीत (सिरीजमध्ये) ६० वॉटचा साधा तारेचा पिवळा बल्ब. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. बंद केल्यावरही मोठे कपॅसिटर भरलेले राहतात. त्यांच्यावर रेझिस्टर कायमचा जोडा, आणि मीटरनं शून्य पाहिल्याशिवाय बोट आत घालू नका. खरं अर्थिंग मिळेपर्यंत हा दुसरा टप्पा नकोच, मग ते भाड्याच्या घरात मिळो की नव्या.

कानांबद्दल. वयाबरोबर अगदी वरचे सूर ऐकू येणं कमी होतं, सगळ्यांचंच. पण पियानोची शेवटची पट्टीसुद्धा ४१८६ हर्ट्झची असते. गळा, हार्मोनियम, सारंगी यांचे मूळ सूर त्याच्या खालीच असतात. तुम्ही जे हरवलं असेल म्हणता, त्यात संगीत फार थोडं आहे. उलट वर्षानुवर्षं तानपुऱ्याला सरावलेला कान बेसूर जवारी लगेच पकडतो, आणि स्पीकर जुळवताना तोच कान उपयोगी पडतो. नुसता तानपुरा लावून स्पीकर पुढे-मागे सरकवत ऐका. मागची भिंत वूफरच्या कोनापासून ६० सेंटिमीटरवर असेल तर १४० हर्ट्झच्या आसपास आवाज पडतो, म्हणजे नेमका काळी एकचा षड्ज पोकळ होतो. अंतर कमी किंवा जास्त केलं की तो परत भरतो. ट्विटर बसल्यावर कानाच्या उंचीला यायला हवा, आणि दोन स्पीकर नि तुम्ही यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. हे प्रत्येक घरात नव्यानं करायचं. दर घराला एक दुपार लागेल, एवढंच.

काउंटरवरच्या त्या मुलाचं मनाला लावून घेऊ नका, आणि त्याच्या प्रश्नानं मागेही फिरू नका. पुढच्या वेळी यादी लिहून न्या : भागाचा नंबर, कपॅसिटरचं मूल्य मायक्रोफॅरडमध्ये, किती व्होल्टचा, किती नग. कागद पुढे सरकवला की लॅमिंग्टन रोडचं काउंटर वय विचारत नाही, माल काढायला लागतं. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला पूर्वेला उतरा. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. चिप विश्वासू वितरकाकडूनच घ्या, फार स्वस्त मिळाली तर ती नकली असण्याचा संभव मोठा. ‘या वयात’ म्हणता, पण तुमच्या वयाचे कितीतरी पुरुष हेच करत असतात आणि त्यांना कुणी मुलाच्या प्रोजेक्टचं विचारत नाही. ते काम तुम्ही पोटासाठी तीस वर्षं केलंत, आता आवडीसाठी करताना कुणाची परवानगी लागत नाही.

मुलाला दुखवू नका, त्याला खर्च करायचाच आहे. त्याला सांगा, साउंडबार नको, ट्विटरची जोडी दे. साउंडबार टीव्हीतले संवाद ऐकायला छान असतो, पण त्याचे दोन चॅनेल हातभर अंतरावर असतात. त्यात गायक मध्ये बसलाय, डावीकडे तबला, उजवीकडे हार्मोनियम, हे चित्र उभं राहत नाही. आणि बॉक्सला फेव्हिकॉल लावून फळ्या आवळताना दोन जास्तीचे हात लागतात. ते त्याचे असू देत.

नव्या घरासाठी आत्ता फक्त एक काम करून ठेवा, कारण ते नंतर होत नाही. वायरिंगचा नकाशा कायम होण्याआधी विकासकाकडे लेखी मागा : हॉलच्या ज्या भिंतीवर टीव्ही येणार तिथे पक्क्या अर्थिंगचे दोन वेगळे सॉकेट, आणि त्या भिंतीच्या दोन्ही टोकांना जोडणारी एक रिकामी पाइप. सोसायटीच्या बैठकीत सगळ्यांसाठीच मागितलंत तर आणखी बरं.

बॉक्स जोडून झाले की दोन्ही वूफर सरळ जोडलेत का ते दीड व्होल्टच्या सेलनं पाहा. सेलचं धन टोक स्पीकरच्या धनाला क्षणभर टेकवलं की कोन बाहेर यायला हवा, दोन्हींचा. ट्विटरवर हे करू नका. ड्रायव्हर ठरले की त्यांचे तीन आकडे मला लिहून पाठवा, कापायला देण्याआधी मी बॉक्सचं माप एकदा तपासून कळवेन.